आधी कुंडी उपडी करा

मागच्या अंकात हॉवर्थियावर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, ते मुठीत मावेल एवढं, हिरव्या टोकदार पानांवर पांढरे पट्टे असलेलं, बरेच जण ज्याला नुसतं 'झेब्रा' म्हणतात ते सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं झाड, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. पत्रं वाचताना एक गंमत दिसली. जवळपास प्रत्येकाने पानांचे फोटो पाठवलेत, वरून, बाजूने, फ्लॅश मारून, काहींनी तर कॅमेरा पानाला चिकटवून. मुळांचा फोटो एकाचाही नाही. आता या झाडाची निम्मी दुखणी मातीखाली असतात, त्यामुळे मी फोटो बघून काय कपाळ सांगणार! तरी प्रयत्न करते.

प्रश्न: ताई नमस्कार. चार महिन्यांपूर्वी झेब्रा आणलं. गेल्या महिन्यापासून खालची पानं पातळ होऊन आत वळलीत, सुरकुत्या पडल्यात. पाणी कमी पडत असेल असं वाटून आठवड्यातून एकदाचं दोनदा केलं, तर अजूनच सुरकुतलं. माती हाताला ओली लागते. आता रोज स्प्रेने पानांवर पण पाणी मारतोय. काय चुकतंय?

उत्तर: रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालंय तुमचं. पान सुरकुतलं म्हणजे पानात पाणी नाही एवढंच खरं, पण ते का नाही हे पान सांगत नाही. माती कोरडी ठक्क असेल तर झाड तहानलेलं आहे, पाणी घाला, दोन-चार दिवसांत पान फुगतं, विषय संपला. पण माती ओली आणि तरी पान सुरकुतलेलं असेल तर पाणी पिणारं खाली कोणी उरलेलं नाही, म्हणजे मुळं गेली. मुळांना पाण्याइतकीच हवा पण लागते, मातीतल्या बारीक पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी आपलं काम करते, आणि झाड बिचारं पानात साठवलेलं पाणी वापरत दिवस काढतं. तुम्ही वरून अजून पाणी ओतताय. अति तिथे माती म्हणतात ते इथे शब्दशः.

आजच कुंडी उपडी करा. झाड बुंध्याशी दोन बोटांत धरा, कुंडीच्या कडेवर हलकी थाप मारा, सगळं बाहेर येईल. माती झाडून टाका, लागलं तर पाण्याखाली धरून धुवा. आता नीट बघा. चांगलं मूळ जाड असतं, पांढरट किंवा फिकट पिवळसर, ओढलं तरी टणक. मेलेलं मूळ तपकिरी, पोचट, आणि ते चिमटीत धरून ओढलं की वरची साल पायातल्या मोज्यासारखी सरकन निघून येते आणि आत दोऱ्यासारखी एक शीर तेवढी राहते. हे एकदा बोटांनी अनुभवलं ना की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. थोडी मेलेली मुळं दिसली तर मात्र घाबरू नका, हॉवर्थिया जुनी मुळं टाकून नवी काढत असतं, तो त्याचा स्वभावच आहे. सगळीच तशी असतील तर कापायची. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि बुंध्याचा तपकिरी भाग पातळ चकत्या काढत कापत जा, आतला पांढरा स्वच्छ गर दिसेपर्यंत. मधे तपकिरी ठिपका जरी राहिला तरी अजून एक चकती, इथे दया दाखवायची नाही. प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा पुसायचं. मग झाड तसंच उघडं, सावलीत, हवेशीर जागी चार-सहा दिवस ठेवून द्या, जखम सुकून कडक झाली की कोरड्या मिक्समध्ये, म्हणजे कुंडीत भरायच्या भरड मिश्रणात, बसवा आणि पहिला आठवडा थेंबभर पाणी नाही.

आणि तो स्प्रे कपाटात ठेवा. या झाडाची तहान पानांवरच्या पाण्याने भागत नाही, उलट ते पाणी मधल्या खाचेत साचून गाभा कुजतो, आणि गाभा कुजला तर मग खरंच काही करता येत नाही.

प्रश्न: कुंडीच्या तळाला दगड-गोटे घातलेत, दोन इंचाचा थर, ड्रेनेजसाठी. तरी झाड सडलं. दगड कमी पडले का?

उत्तर: जास्त झाले! हा सल्ला इतक्या पिढ्या चालत आलाय की तो चुकीचा आहे म्हटलं की लोक माझ्यावर रागावतात. मी स्वतः माझं पहिलं हॉवर्थिया असंच घालवलंय, तळाला सुंदर गोल गोटे निवडून निवडून घातले होते, वर छान काळीभोर माती, आणि दीड महिन्यात झाड बोटाने उचललं तर वरचा भाग हातात आणि खालचा चिखल.

एक साधा प्रयोग करा. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, पिळायचा नाही, ठिबकायचं थांबेपर्यंत नुसता धरायचा. थांबलं? आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचंही असंच आहे. पाणी दिल्यावर जादाचं पाणी निघून गेलं तरी तळाशी एक ठराविक उंचीचा थर चिंब राहतो, तो किती उंच हे माती किती बारीक त्यावर ठरतं. तळाला दगड घातले की तो चिंब थर नाहीसा होत नाही, तो दगडांच्या वर येऊन बसतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. आणि दगडांनी जागा खाल्ल्यामुळे मातीची उंची कमी झालेली, म्हणजे आपला आडवा स्पंज.

मग करायचं काय, तर मिक्सच भरड करायचं, वरपासून खालपर्यंत एकसारखं. मी निम्म्यापेक्षा जास्त भाग न कुजणारा माल घालते, परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे पांढरे हलके दाणे), प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड), विटेचे बारीक तुकडे, बारीक खडी, जे मिळेल ते, साधारण दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे, आणि चाळून खालची धूळ फेकून देते. ही चाळण्याची पायरी कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. बांधकामाची बारीक वाळू घालू नका, ती पोकळ्या बुजवते आणि मिक्सचं प्लास्टर होतं. उरलेल्या भागात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नाहीतर चांगलं कुजलेलं खत. तळाला भोक हवंच, त्यावर जाळीचा तुकडा टाकला की पुरे.

प्रश्न: पाणी किती दिवसांनी? एकच आकडा सांगा प्लीज, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण प्रत्येकाची कुंडी वेगळी आहे. मातीची कुंडी बाजूंनी पण सुकते, प्लास्टिकची नाही. भरड मिक्स चार दिवसांत सुकेल, तेच झाड नुसत्या कोकोपीटमध्ये तीन आठवडे ओलं राहील. आकडा सांगितला की लोक झाडाकडे न बघता कॅलेंडरकडे बघतात, म्हणून सांगत नाही, सॉरी.

त्याऐवजी कुंडी उचला. भरपूर पाणी दिल्यावर एकदा उचलून वजन हाताला लक्षात ठेवा, मग रोज येता-जाता उचलत राहा, एक दिवस ती कागदाची असल्यासारखी हलकी लागेल. अजून दोन-तीन दिवस थांबा आणि मग तळातून वाहीपर्यंत भरभरून द्या. अर्धा कप, चार चमचे असलं हातचं राखून दिलेलं पाणी नको, त्याने वरची माती ओली होते आणि खालची मुळं उपाशी. कुंडी मोठी असेल तर लाकडी काडी तळापर्यंत खुपसून बघा, कोरडी निघाली तर पाणी. हवा अगदी तापलेली असते किंवा खूप गार असते तेव्हा हे झाड वाढ थांबवून बसतं, तेव्हा अंतर वाढवायचं.

एक फसवणूक लक्षात ठेवा. कोकोपीट पार वाळलं की ते पाणी घेतच नाही, पाणी गोळ्याच्या बाजूने सुळकन खाली जातं, आपल्याला वाटतं दिलं. अशा वेळी कुंडी पसरट भांड्यातल्या पाण्यात अर्धा तास बसवून ठेवायची, मग निथळायची.

प्रश्न: मी घेतलं तेव्हा लेबलवर 'फॅसिएटा' लिहिलं होतं. माझी मैत्रीण म्हणते ते 'अटेन्युएटा' आहे. आणि आता कोणीतरी सांगितलं की हे हॉवर्थिया नाहीच! आमची पैज लागलीय.

उत्तर: पैज मैत्रिणीने जिंकली असण्याची शक्यता जास्त. पानाची आतली बाजू बघा, म्हणजे झाडाच्या मध्याकडे असते ती. बोट फिरवून गुळगुळीत लागली, पांढरे फोड फक्त बाहेरच्या बाजूला, तर फॅसिएटा. दोन्ही बाजूंना खरखरीत ठिपके, आत थोडे कमी असले तरी चालतील, तर अटेन्युएटा. फॅसिएटाचं लेबल लावून विकली जाणारी बहुतेक झाडं अटेन्युएटाच निघतात.

आणि तिसरी व्यक्ती पण बरोबर आहे. १८०९ मध्ये द्युव्हाल या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने या गटाला हॉवर्थिया नाव दिलं, एड्रियन हॉवर्थ या इंग्रजाच्या सन्मानार्थ, हा गृहस्थ एकीकडे पतंग-फुलपाखरांचा अभ्यासक आणि दुसरीकडे सक्युलंटचा. दोनशे वर्षं सगळी भावंडं एकाच आडनावाखाली सुखाने नांदली, मग २०१३ मध्ये पट्टेवाल्या कडक पानांच्या मंडळींना वेगळं काढून 'हॉवर्थिऑप्सिस' केलं. तेव्हा झेब्राचं पूर्ण नाव आता हॉवर्थिऑप्सिस अटेन्युएटा. झाडाला याचा पत्ता नाही, काळजी तीच घ्यायची, आणि मी पण सवयीने हॉवर्थियाच म्हणत राहणार.

प्रश्न: सक्युलंट म्हणजे कडक ऊन, असं समजून गॅलरीत भर उन्हात ठेवलं. आठवड्यात पानं तांबूस-तपकिरी झाली आणि दोन पानांवर पांढरट कोरडे डाग पडले. आता परत खोलीत आतल्या टेबलवर ठेवलंय. ठीक होईल ना?

उत्तर: आगीतून फुफाट्यात नको, टेबलवरून उचला आधी. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, पण वाळवंटात उघड्यावर उभं राहणारं नाही, ते झुडपांच्या सावलीत, गवताच्या आडोशाला, खडकांच्या कपारीत वाढतं. त्याला उजेड भरपूर हवा, ऊन मोजकं. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास आणि मग दिवसभर लख्ख उजेड, असं खिडकीजवळ मिळालं तर त्याला स्वर्ग.

तांबूस रंग ही झाडाने स्वतःसाठी काढलेली छत्री समजा, उन्हापासून बचाव म्हणून ते लाल रंगद्रव्य तयार करतं, सावलीत गेलं की काही आठवड्यांत हिरवं होतं. पांढरे कोरडे डाग मात्र भाजलेले, तिथल्या पेशी मेल्यात, ते डाग पान असेपर्यंत राहणार. पान कापू नका, बाकीचं काम करतंय ते.

आणि अंधाऱ्या टेबलवर ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत उलटा तमाशा होईल, पानं लांबुळकी, फिकट, मऊ, आणि गच्च गुच्छ उघडून पसरट. लांबलेलं पान पुन्हा आखूड होत नाही. नवीन पानं चांगल्या उजेडात आली तर ती तेवढी घट्ट येतील, आणि मग झाड मधे बारीक, खाली पसरलेलं असं जरा विचित्र दिसत राहतं वर्षभर. जागा बदलायची ती हळूहळू, दर दोन-तीन दिवसांनी थोडं सरकवत.

प्रश्न: मी सातवीत आहे. माझ्याकडे एक हॉवर्थिया आहे त्याची पानं टोकाला काचेसारखी आहेत, आरपार दिसतं. ते आजारी आहे का?

उत्तर: अजिबात नाही रे, तुझ्याकडचं झाड या सगळ्या पत्रांमधलं सगळ्यात भारी आहे! हे बहुतेक हॉवर्थिया कूपरी असणार. ही झाडं जिथली आहेत तिथे ती जवळपास पूर्ण जमिनीत गाडलेली असतात, त्यांची मुळं आकसतात आणि झाडाला खाली ओढून घेतात, वर फक्त पानांची टोकं दिसतात, ती पण मातीच्या पातळीवर. मग जमिनीत असलेल्या पानाला उजेड कुठून मिळणार? टोकाच्या त्या काचेतून. उजेड खिडकीतून आत शिरतो आणि पानाच्या आतल्या भिंतींना लागून असलेल्या हिरव्या भागापर्यंत पोचतो, म्हणजे पान आतून जेवतं. रात्री अंधारात छोटा टॉर्च पानाच्या मागून धरून बघ, हिरव्या रेषा दिसतील, शिक्षकांना पण दाखव.

अजून एक. हे झाड दिवसा पानांवरची बारीक छिद्रं मिटून बसतं, पाणी उडून जाऊ नये म्हणून, आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं, मग दुसऱ्या दिवशी उजेडात वापरतं. रात्री डबा भरायचा, दिवसा खायचा. काचेचं टोक मऊ, पिवळं पडून लिबलिबीत झालं तर मात्र ते आजारी, तेव्हा वरचं पहिलं उत्तर वाच आणि ब्लेड मोठ्यांना धरायला सांग.

प्रश्न: झाडाला फूटभर लांब दांडा आलाय, त्यावर कळ्या आहेत. फूल आलं की सक्युलंट मरतं असं वाचलं. कापून टाकू?

उत्तर: ते अगेव्ह, सेम्परविव्हम वगैरेंचं, त्यांचा जो गुच्छ फुलतो तो संपतो. हॉवर्थियाला दरवर्षी फुलं येऊ शकतात, काही होत नाही. फुलं पांढरी, नखाएवढी, खरं सांगायचं तर काही खास नाहीत. झाड ठणठणीत असेल तर राहू द्या, नुकतंच मुळं कापून बसवलेलं असेल तर दांडा छाटा, ताकद वाचेल.

प्रश्न: आमच्या मांजरीने एक पान कुरतडलं! विषारी आहे का?

उत्तर: नाही, हॉवर्थिया मांजर-कुत्र्यांना विषारी धरत नाहीत. मात्र त्याच खिडकीत जेड, कॅलँचो, कोरफड किंवा चीक येणारं युफोर्बिया असेल तर ते उचलून वर ठेवा, त्यांनी त्रास होतो.

प्रश्न: पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय. पुसलं की जातं, आठवड्याने पुन्हा येतं. कुंडीजवळ मुंग्या पण वाढल्यात.

उत्तर: पिठ्या ढेकूण. मुंग्या योगायोगाने नाही आलेल्या, हे किडे गोड चिकट रस सोडतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, एका झाडावरून दुसऱ्यावर उचलून पण नेतात. कान साफ करायची कापसाची काडी सत्तर टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि एकेक ठिपका टिपत जा, पानाच्या अगदी बुडाशी, जिथे काडी जेमतेम शिरते तिथे. झाड त्या दिवशी उन्हात ठेवायचं नाही. दर पाच-सात दिवसांनी हेच, चार वेळा, कारण अंडी वाचतात आणि त्यातून पुन्हा सुरू. तुम्ही एकदा पुसून थांबताय म्हणून ते परत येतात. इतर कुंड्यांपासून लांब ठेवा.

आणि चार वेळा करूनही परत आले तर... हो, कुंडी उपडी करा. मुळांवरचे पिठ्या ढेकूण वेगळेच असतात, वरून काही दिसत नाही, फक्त झाड महिनोन्‌महिने जैसे थे, आणि बाहेर काढलं की मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी सांडल्यासारखी. मग माती सगळी फेकायची, कुंडी घासून धुवायची, मुळं धुऊन चार दिवस सुकवून नव्या मिक्समध्ये.

प्रश्न: बाजूला तीन पिल्लं आलीत, कधी काढू? आणि पानापासून रोप होतं का?

उत्तर: पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश झालं आणि त्याची स्वतःची मुळं आली की. वरून ओढून तोडू नका, मिक्स बदलायच्या वेळी मोकळं करा, हाताने सुटतं. पानापासून होतं पण एचेव्हेरियासारखं पान टाकलं की रोप, असं नाही, पानाच्या बुडाला बुंध्याचा थोडा भाग यायला हवा आणि मग महिनोन्‌महिने वाट बघायची. तीन पिल्लं आयती मिळत असताना कशाला?

प्रश्न: ताई, तुमचं मागचं वाचून कुंडी उपडी केली. मुळं एकही नाही!! सगळी हातात सुटली. बुंधा कापला, आत स्वच्छ पांढरा आहे, पाच दिवस झाले सुकवून. आता नुसता पानांचा गोंडा हातात घेऊन बसलोय. जगेल?

उत्तर: पांढरा बुंधा म्हणजे जगण्याची आशा चांगली आहे. अगदी लहान कुंडी घ्या, पानांच्या घेरापेक्षा बोटभर मोठी, त्यापेक्षा जास्त नाही, मोठ्या कुंडीत मुळांविना ओलावा नुसता साठून राहतो. कोरडं भरड मिक्स भरा आणि गोंडा वर नुसता टेकवा, पुरू नका, डुगडुगत असेल तर बाजूने दोन-तीन खडे लावा. उजेड द्या, ऊन नाही. आठवडाभराने कुंडीच्या कडेने थोडंसं पाणी, बुंध्यावर नाही, मिक्स किंचित दमट होईल इतपत, सुकलं की पुन्हा तेवढंच. खत अजिबात नाही. खालची दोन-चार पानं कागदासारखी वाळतील, ती वाळू द्या, झाड त्यातलं पाणी काढून नव्या मुळांना देतंय.

तीन आठवडे ते दोन महिने, काहीही लागू शकतं, आणि मधेच उचलून बघण्याची खूप इच्छा होईल. बघू नका, कोवळी मुळं काचेसारखी मोडतात. त्याऐवजी दर रविवारी एका बोटाने गोंडा बाजूने हलकाच ढकला. डुलला तर अजून नाही. जागचा हलला नाही तर धरलंय त्याने, त्या दिवशी पहिल्यांदा तळातून वाहीपर्यंत पाणी द्या.